आपल्या मताचं इथे कोणीच नाही असं वाटतं तेव्हा कसं राहायचं

जोक झाला, सगळे हसले, तुम्हीपण हसलात. आणि मग घरी येऊन झोप लागेपर्यंत स्वतःवर चिडत बसलात की अरे आपण का हसलो. हे ज्याचं झालंय त्याच्यासाठी लिहितेय. जुन्या वळणाचा भाग, बहुतेक सगळी मतं एकाच बाजूला पडतात, धर्म, घराणं, बायकांनी कसं वागावं, कोणाशी लग्न करावं याची उत्तरं आधीच ठरलेली, अशा ठिकाणी वेगळ्या विचाराचं असलं म्हणजे रोज कोणी मारायला येतं असं काही नसतं, रोज फक्त थोडं थोडं गिळावं लागतं. मी अशा ठिकाणी बारा वर्षं काढली. चुका भरपूर केल्या, काही गोष्टी फार उशिरा कळल्या, त्या तुम्हाला आधी कळाव्यात एवढाच हेतू. याच्या उलट परिस्थितीत असलेला, म्हणजे पुरोगामी लोकांच्या घोळक्यात अडकलेला परंपरावादी माणूस असेल तर त्यालाही यातलं बरंच लागू पडेल, त्याने बाजू बदलून वाचावं.

एक अट आधीच सांगते. जिथे मतामुळे जिवावर बेतू शकतं, घर जाळलं जाऊ शकतं, तिथे हे वाचत बसू नका, तिथे आधी सुरक्षित जागा, मग वकील, मग बाकीचं. मी बोलतेय ते टोमणे, बहिष्काराची धमकी, नोकरीतली कुजबुज, लग्नात मुद्दाम न बोलावणं या पातळीबद्दल.

आधी डोकी मोजा, आवाज नाही

आपण एकटे आहोत हे आपण कशावरून ठरवतो? झेंड्यांवरून, गाड्यांवरच्या स्टिकरवरून, ग्रुपवरच्या फॉरवर्डवरून आणि चौकात मोठ्याने बोलणाऱ्या चार जणांवरून. जर्मनीच्या एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ मध्ये याच्यावर एक सिद्धांत मांडला, मौनाच्या भोवऱ्याचा. आपलं मत कमी लोकांचं आहे असं ज्याला वाटतं तो गप्प बसतो, तो गप्प बसला म्हणून त्याच्यासारख्याच दुसऱ्याला वाटतं की आपण खरंच एकटे, मग तोही गप्प, आणि असं करत करत एक बाजू होती त्यापेक्षा खूप मोठी दिसायला लागते. म्हणजे तुमच्या शेजारचा तुमच्याकडे बघून गप्प बसलाय आणि तुम्ही त्याच्याकडे बघून.

त्यामुळे पहिलं काम, निकालाचे आकडे काढा आणि कोण जिंकलं ते सोडून हरलेल्याला किती मतं पडली ते बघा. नकाशावर एक भाग एका रंगाचा दिसला की आपल्याला वाटतं तिथला माणूस न माणूस त्या रंगाचा. अमेरिकेत २०२० च्या निवडणुकीत टेक्सस ट्रम्प यांनी जिंकलं, पण तिथे बायडन यांना ५२ लाखांच्या वर मतं पडली, न्यूयॉर्कमध्ये जिथे ते आरामात जिंकले तिथल्यापेक्षासुद्धा थोडी जास्तच. आणि कॅलिफोर्निया, ज्याला लोक डोळे झाकून बायडन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचं समजतात, तिथे ट्रम्प यांना सुमारे ६० लाख मतं होती, टेक्ससपेक्षा जास्त. एवढी माणसं नकाशावर दिसतच नाहीत कारण जिंकणारा सगळं घेऊन जातो. तुमच्याकडे ७५-२५ असा निकाल असेल तर तो फार वाईट वाटतो, पण त्याचा साधा अर्थ असा की मत टाकणाऱ्या दर चारांमागे एक जण तुमच्यासारखा. बसमध्ये चाळीस माणसं असतील तर दहा. त्यातले नऊ तुम्हाला माहिती नाहीत एवढंच.

भारतात असाल तर फॉर्म २० नावाचा कागद असतो, त्यात मतदान केंद्रानुसार कोणाला किती मतं पडली ते मिळतं, निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवर बऱ्याचदा पीडीएफ असतो. मी पहिल्यांदा तो उघडला तेव्हा आमच्या केंद्रावर आमच्या बाजूची मतं बघून दोनदा चष्मा पुसला. पण हा कागद दुधारी आहे हेही सांगते. जो तुम्ही बघता तोच निवडून आलेलाही बघतो, आणि एखाद्या छोट्या वस्तीचं वेगळं केंद्र असेल तर ती वस्ती कुठे गेली हे उघडं पडतं, मग पाच वर्षं रस्ता होत नाही. म्हणूनच निवडणूक आयोगाने २००८ मध्ये अनेक मशीनची मतं एकत्र मोजायच्या टोटलायझरची सूचना केली होती, विधी आयोगानेही २०१५ च्या अहवालात तेच म्हटलं. तेव्हा आकडा बघा, खूश व्हा, पण ग्रुपवर टाकून "बघा या केंद्रावर आपले एवढे" असं मिरवू नका.

मोजणीची दुसरी बाजू जास्त त्रासदायक आहे. आपण समोरच्यांनाही चुकीचं मोजतो. मोअर इन कॉमन नावाच्या संस्थेने २०१९ मध्ये अमेरिकेत विचारलं की विरुद्ध बाजूचे किती टक्के लोक टोकाच्या मताचे आहेत असं तुम्हाला वाटतं, तर दोन्ही बाजूंचा अंदाज सरासरी ५५ टक्क्यांच्या आसपास आला आणि प्रत्यक्षात ते प्रमाण ३० च्या आसपास होतं. आणि जे जास्त बातम्या बघतात त्यांचा अंदाज जास्त चुकलेला. मला हे वाचून राग आला होता कारण मी दिवसभर बातम्या बघायचे आणि मला वाटायचं मला सगळं कळतंय.

दुसरा माणूस

आता मुख्य मुद्दा, खरं तर सगळा लेख याच्यासाठीच आहे. संघटना नको, मोर्चा नको, आधी एक माणूस शोधा. एकच.

सॉलोमन अ‍ॅश यांचे १९५० च्या दशकातले प्रयोग बऱ्याच जणांना माहिती असतील, एक रेघ दाखवायची आणि शेजारच्या तीन रेघांपैकी तेवढ्याच लांबीची कुठली ते विचारायचं, उत्तर समोर दिसतंय, पण खोलीतले बाकी सगळे ठरवून चुकीचं उत्तर देतात. तर साधारण एक तृतीयांश वेळा खऱ्या माणसानेही चुकीचंच उत्तर दिलं. एवढं सगळे सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही. खोलीत फक्त एक जण बरोबर उत्तर देणारा ठेवला की ही मान डोलावणी साधारण चौथाईवर आली. बाकी सगळे विरोधातच होते, बहुमत काही मिळालं नव्हतं, फक्त शून्याचा एक झाला. आणि तो एक मध्येच निघून गेला किंवा उलटला की परत घसरण. म्हणजे नव्वद आणि दहा असणं आणि नव्व्याण्णव आणि एक असणं यात जमीन अस्मानाचा फरक आहे.

शोधायचा कसा? "तू कोणाला मत देतोस" असं विचारून तर अजिबात नाही, त्याने समोरचा घाबरतो आणि तुम्हीही उघडे पडता. मी नंतर एक सवय लावली. कोणी काही वाईट बोललं, सगळे हसले, की बोलणाऱ्याकडे बघायचं नाही, हसणाऱ्यांकडे बघायचं, आणि त्यात कोण हसत नाही, कोण मोबाइलमध्ये डोकं घालतं, कोणाला अचानक पाणी आणायला जायचं असतं ते बघायचं. आमच्या ऑफिसात एक वयस्कर बाई होत्या, टिळा, उपास, सगळं साग्रसंगीत, मी त्यांना कधी हिशोबातच धरलं नव्हतं. एकदा एका मुलीच्या आंतरजातीय लग्नावरून टवाळी चालली होती आणि त्या उठून बाहेर गेल्या. मी मागे गेले. त्या म्हणाल्या, "मला नाही बाई ऐकवत हे." बस. पुढची सात वर्षं त्या एका वाक्यावर काढली आम्ही दोघींनी. त्यांचं माझं निम्म्या गोष्टींवर पटायचं नाही, देवावर तर अजिबातच नाही, पण त्या खोलीत असल्या की मी खोटं हसायचे नाही.

म्हणून सांगते, दुसरा माणूस शोधताना तो सगळ्या बाबतीत आपल्यासारखा असावा असा हट्ट नको. पेहरावावरून तर मुळीच ठरवू नका. आणि विषय काढायचाच तर पक्ष काढू नका, गोष्ट काढा. शाळेची अवस्था, पाणी, कोणाच्या तरी मुलीचं शिक्षण थांबवलं ते. "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारून गप्प बसा. खरोखर गप्प. लोक गप्प बसत नाहीत तिथेच सगळं बिघडतं.

किती बोलायचं आणि कुठे

याला एक उत्तर नाही, पण एक आडाखा आहे. ज्याच्या हातात तुमचा पगार, तुमचं घर किंवा तुमच्या पोराचे मार्क आहेत त्याच्यासमोर मत मांडायची घाई करू नका. यात भित्रेपणा नाही. गुप्त मतदान आलं ते याचसाठी. ब्रिटनमध्ये १८७२ पर्यंत मत उघड द्यावं लागायचं, कोणी कोणाला दिलं याची नोंद व्हायची, आणि वेल्समध्ये १८६८ च्या निवडणुकीत जमीनदाराच्या मर्जीविरुद्ध लिबरल उमेदवाराला मत दिलं म्हणून कुळांना जमिनीवरून काढलं होतं. त्या प्रकरणाचा गाजावाजा झाला आणि १८७२ च्या गुप्त मतदानाच्या कायद्याला जोर मिळाला. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया यांनी ते १८५६ मध्येच आणलं होतं. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात कलम २१ मध्ये गुप्त मतदान आहे. भारतात लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चं कलम ९४ तर स्पष्ट म्हणतं की कोणाला मत दिलं हे सांगायची सक्ती कोणावरही करता येणार नाही, साक्षीदारावरसुद्धा नाही. तर कोर्ट विचारू शकत नाही ते नवऱ्याच्या मावशीने विचारलं तर सांगायलाच पाहिजे असं थोडंच आहे?

पण नुसतं "नाही सांगणार" म्हटलं की लोक अर्थ काढतात, म्हणून दोन तीन वाक्यं आधीपासून तोंडात बसवून ठेवा. मी वापरते ती अशी. "अहो मत गुप्त असतं, मी आईलापण सांगत नाही." हे हसत म्हणायचं, आणि महत्त्वाचं म्हणजे खरंच कोणाला सांगायचं नाही, नाहीतर चार दिवसांत फिरून येतं. दुसरं, मोठ्या माणसांसाठी, "काका, तुमचं ऐकलं मी, पण मला नाही पटत ते. जाऊ दे, तुमची तब्येत कशी आहे?" यात "मला नाही पटत" हे शब्द गेलेच पाहिजेत. आवाज चढवायची गरज नाही पण ते तीन शब्द गिळायचे नाहीत. तिसरं, टोमण्याला, "म्हणजे काय, समजलं नाही मला, परत सांगता?" वाईट जोक समजावून सांगायला लागला की त्याची हवा जाते, करून बघा.

खोटं बोलावं का? माझं मत, नाही. गप्प बसणं चालतं, विषय बदलणं चालतं, पण त्यांच्यासारखं बोलून दाखवणं चालत नाही, कारण तुमच्याकडे बघणारा तो दुसरा माणूस त्यादिवशी एक डोकं कमी मोजतो. मी हसले होते ना त्या जोकला, तेव्हा खोलीत अजून कोण होतं जे माझ्याकडे बघत असेल हा विचार मला दोन वर्षांनी आला आणि तेव्हा खूप लाज वाटली.

व्हॉट्सअ‍ॅपच्या फॅमिली ग्रुपबद्दल वेगळं लिहायला पाहिजे पण थोडक्यात. ग्रुपवर वाद कधीही घालू नका, तिथे माणूस समोरच्याशी बोलतच नसतो, बघणाऱ्या बाकीच्या तीस जणांसाठी बोलत असतो आणि माघार घेणं अशक्य होतं. खोटी बातमी आली तर पाठवणाऱ्याला वेगळा मेसेज करा, "मामा, हे जुनं आहे बहुतेक, एकदा बघा ना." माझ्या एका मामांनी असं तीनदा झाल्यावर चौथ्यांदा मलाच आधी विचारलं की हे खरं आहे का गं. ग्रुपवर सुनावलं असतं तर ते आजही माझ्याशी बोलत नसते. ग्रुप सोडू नका, म्यूट करा.

मन वळवायचंच असेल तर

आधी स्वतःला विचारा वळवायचंच आहे का. प्रत्येक भेटीत प्रचार करणारा माणूस कोणालाच नको असतो, तुमच्या बाजूच्यालासुद्धा नाही.

पण कधी कधी वळवायचं असतं, खरंच काहीतरी पणाला लागलेलं असतं. तेव्हा काय चालतं यावर बऱ्यापैकी भरवशाचं काम झालंय. कॅलिफोर्नियात २००८ मध्ये समलिंगी विवाहाविरुद्धचा प्रस्ताव मंजूर झाला, हरलेल्या बाजूचे लोक लॉस एंजेलिसमध्ये समलिंगी विवाहाच्या विरोधात मत दिलेल्यांच्या दारात जाऊन का दिलंत असं विचारायला लागले, आणि त्यातून घरोघरी जाऊन सावकाश गप्पा मारायची एक पद्धत तयार झाली. तिच्यावर २०१४ मध्ये एक गाजलेला शोधनिबंध आला आणि २०१५ मध्ये तो मागे घेतला गेला कारण आकडेच बनावट निघाले. गंमत म्हणजे ती बनवाबनवी उघडी करणाऱ्यांत डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला होते, आणि त्यांनीच मायामीत ५०१ मतदारांबरोबर खराखुरा प्रयोग केला, ट्रान्सजेंडर लोकांबद्दलच्या पूर्वग्रहावर, तो २०१६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. दहा मिनिटांच्या एका गप्पेने पूर्वग्रह कमी झाला आणि निदान तीन महिने तो परिणाम टिकला. मी त्यावर विश्वास ठेवते ते याचसाठी, खोटं पकडणाऱ्यांनीच खरं मोजलं.

या पद्धतीत करायचं काय असतं तर आश्चर्य वाटेल इतकं थोडं. विचारायचं, ऐकायचं, मान हलवायची, समोरच्याला कधी कोणी वेगळं म्हणून बाजूला काढलं होतं का ते आठवायला लावायचं, आणि आपलीही एक खरी गोष्ट सांगायची. आकडे, लिंक, व्हिडिओ काही नाही. "तुम्हाला माहितीये का मागच्या वर्षी इतके टक्के..." हे वाक्य सुरू केलंत की माणूस गेला तुमच्या हातातून. आणि जमलं तर एकटं गाठा, चारचौघांत कोणी मत बदलत नाही, बदललं तरी कबूल करत नाही.

दुसरं म्हणजे त्यांच्या शब्दांत बोला. मॅथ्यू फाइनबर्ग आणि रॉब विलर यांचा २०१३ चा अभ्यास आहे, पर्यावरणाचा मुद्दा "निसर्गाचं नुकसान" असा मांडला की पुराणमतवादी लोक फारसे हलत नाहीत, पण तोच मुद्दा पावित्र्य, घाण, शुद्ध पाणी, शुद्ध हवा अशा भाषेत मांडला की दोन्ही बाजूंतलं अंतर बरंच कमी होतं. म्हणजे नदी वाचवा म्हणण्यापेक्षा आपल्या पूर्वजांनी शुद्ध ठेवलेली नदी आपण घाण केली असं म्हटलेलं जास्त पोचतं. फक्त एक, ते तुम्हाला स्वतःला खरं वाटत असेल तरच म्हणा. नाटक लगेच कळतं, आणि एकदा कळलं की पुढची दहा वर्षं तुमचं काहीही खरं वाटत नाही कोणाला.

आणि सातत्य. मोस्कोविची नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये सहाजणांच्या गटात दोन माणसं पेरली जी निळ्या रंगाला हिरवा म्हणत. ती दोघं प्रत्येक वेळी तेच म्हणाली तेव्हा इतरांपैकी सुमारे ८ टक्के उत्तरं त्यांच्यासारखी आली, आणि ती कधी हिरवा कधी निळा म्हणायला लागली तेव्हा जवळपास १ टक्का. ८ टक्के म्हणजे फार नाही हे मान्य, पण ती दोघं धडधडीत चुकीचं बोलत होती हेही लक्षात घ्या. तुमच्याकडे तर निदान निळ्याला निळं म्हणायचंय. तुम्ही हुंड्याच्या विरोधात असाल तर भावाच्या लग्नातपण विरोधात असायला लागतं. लोक सगळं विसरतात, हे विसरत नाहीत.

खुर्च्या लावायला जा

हे मला सर्वात उशिरा कळलं आणि हेच सर्वात जास्त कामाला आलं. निवडणुकीत तुमची बाजू जिंकणार नाही, ठीक आहे. पण शाळेची पालक समिती, वाचनालय, रक्तदान शिबिर, पूर आला तर मदत, सोसायटीचा हिशोब, या कामांना माणसं कुठेच पुरत नाहीत. तिथे जा आणि पक्षाबिक्षाबद्दल एक शब्द न काढता काम करा. हिशोब ठेवा, मिनिट्स लिहा, खुर्च्या लावा, उरलेल्या परत मोजून ठेवा. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये म्हटलं होतं की दोन गटांतला पूर्वग्रह नुसत्या भेटीने कमी होईल असं नाही, बरोबरीचं स्थान, एकच उद्देश, एकमेकांच्या मदतीवाचून काम न होणं आणि वरच्यांचा पाठिंबा असेल तर जास्त कमी होतो. पुढे २००६ मध्ये पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा असं दिसलं की या सगळ्या अटी पुऱ्या झाल्या नाहीत तरी भेटीगाठीने साधारणपणे पूर्वग्रह कमीच होतो, अटी पाळल्या तर जास्त. म्हणजे एकत्र खुर्च्या उचलणं ही चर्चासत्रापेक्षा मोठी गोष्ट आहे.

आमच्याकडे वाचनालयाचा हिशोब मी चार वर्षं बघितला. पाचव्या वर्षी कोणीतरी म्हटलं की हिला काढा, हिचे विचार बरोबर नाहीत, तेव्हा माझ्या बाजूने जो माणूस उठला तो मला निवडणुकीत कधीच मत देणार नाही असा, प्रत्येक मिरवणुकीत पुढे असणारा. तो म्हणाला विचार राहू देत, हिशोब चोख आहे. मी काही त्याला माझ्या बाजूला वळवला नाही, त्यानेही मला नाही. पण त्यानंतर माझ्याबद्दल "ते लोक असेच असतात" असं त्याच्यासमोर कोणी बोललं नाही.

फसगत कुठे होते तर लगेच अध्यक्ष व्हायला जाण्यात. किंवा समितीत आपले तीन जण घुसवून बहुमत करण्यात. ते दिसतं, आणि मग तुम्ही चार वर्षं लावलेल्या सगळ्या खुर्च्या तो एक डाव होता असं ठरतं.

आपला ग्रुप झाला की सावध

दुसरा माणूस मिळाला, मग तिसरा, मग आठ जण झाले, महिन्यातून एकदा बसायला लागलात. फार बरं वाटतं, मी पहिल्या बैठकीनंतर अक्षरशः रडले होते. पण इथे एक खड्डा आहे. कोलोरॅडोत २००५ मध्ये एक प्रयोग झाला, बोल्डर या उदारमतवादी शहरातल्या लोकांचे गट आणि कोलोरॅडो स्प्रिंग्ज या पुराणमतवादी शहरातल्या लोकांचे गट वेगवेगळे बसवले, हवामान करार वगैरे विषयांवर चर्चा करायला सांगितली. चर्चा संपल्यावर दोन्हीकडचे लोक आधीपेक्षा टोकाला गेलेले, आणि गटातल्या गटात आधी जे थोडेफार वेगळे सूर होते तेही गेले. आठ जणांच्या खोलीत हेच होतं. बाहेर सगळे मूर्ख, अडाणी, मेंढरं असं बोलणं सुरू होतं, आणि उद्या सकाळी त्याच मूर्खांकडून तुम्हाला गॅस उसना आणायचा असतो आणि तोंडावर ते दिसतं. तुच्छता लपत नाही. रागपण लोक सहन करतात, तुच्छता नाही.

आम्ही एक नियम केला होता, बैठकीत नाव घेऊन कोणाची टवाळी करायची नाही. पाळला निम्म्या वेळा. पण तेवढ्यानेपण फरक पडला. दुसरा नियम, स्क्रीनशॉट. आपल्या ग्रुपवर जे लिहाल ते एक दिवस चौकात वाचलं जाईल असं धरूनच लिहा, कारण वाचलं जातं.

मुलांचं काय हा प्रश्न सगळे विचारतात. मुलांना घरात काय बोलतो ते बाहेर सांगू नको असं शिकवलं की त्यांना वाटतं आपलं काहीतरी वाईट आहे. आम्ही सांगायचो की घराघरात वेगवेगळं मानतात, आपल्या घरी असं मानतात, मित्राच्या घरी त्यांचं मानायचं, भांडायचं नाही. आणि मुलांच्या तोंडून आपली मतं वदवून टाळ्या घेऊ नका, शाळेत मार ते खातात, तुम्ही नाही.

जायचं का सोडून? बरेच जण जातात, त्यात काही पळपुटेपणा नाही, विशेषतः तरुण मुली, लग्नावरून कोंडी झालेले, समलिंगी मुलंमुली, त्यांना तर मी जा असंच सांगते, आणि जमेल ती मदत करते. बाकीच्यांनी फक्त निकालाच्या दुसऱ्या दिवशी हा निर्णय घेऊ नये. निकालाच्या दिवशी फोन बंद ठेवा, गुलाल उडत असेल तेव्हा गच्चीत उभं राहून बघू नका, आणि दोन दिवसांनी जिंकलेल्यांपैकी जो ओळखीचा असेल त्याचं अभिनंदन करा, मनापासून जमत नसेल तर निदान नीट. त्याच्याकडे पुढच्या महिन्यात नळाची तक्रार घेऊन जायचंच आहे.

कोणी त्रास द्यायला लागलं तर तारीख, वेळ, कोण होतं, काय बोललं हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा, मेसेज डिलीट करू नका, आणि हे त्या दुसऱ्या माणसाला माहिती असू दे. तक्रार करायची वेळ येईलच असं नाही, पण आली तर "नेहमीच त्रास देतात" याला कोणी विचारत नाही, "अमुक तारखेला अमुक वाजता" याला विचारतात.

आणि मग एक दिवस कोणीतरी तुमच्या मागे मागे बाहेर येईल, इकडे तिकडे बघत हळूच काहीतरी अर्धवट बोलेल. तेव्हा त्याला लगेच ग्रुपमध्ये अ‍ॅड करू नका, पुस्तकं देऊ नका, अजून कोण कोण आहे त्यांची नावं तर सांगूच नका, ती सांगायची परवानगी तुम्हाला कोणी दिलेली नाही. "हो, मलापण नाही ऐकवत" एवढं म्हणा आणि आत या, दोघं वेगवेगळे.